नवव्या नंबरचा आउट

फजरची नमाज झाली की मी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसतो आणि नातवाचा मोबाइल लावतो. तिकडं अमेरिकेत तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते आणि बेसबॉलच्या मॅचा रंगात आलेल्या असतात. हे लावून घ्यायला मला नातवानंच शिकवलं आणि आता तोच पस्तावतो, कारण मी मोबाइलशी भांडतो. खांदा गेलेला, कंबर गेलेली, चेंडू कॅचरच्या हातात जाऊन पडल्यावर बॅट फिरवणारा एखादा जुना नामांकित गडी, त्याला हे लोक रोजच्या रोज उतरवतात, आणि विशीतलं एखादं पोरगं कठड्याला टेकून सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत बसलेलं असतं. मधूनच कॅमेरा त्या पोराच्या तोंडावर जातो. मॅच सांगणारे हसत हसत म्हणतात की याची वेळ येईल, घाई नको. मला त्या हसण्याची किळस येते. सूनबाई आतून म्हणते, “अब्बा, दुसऱ्याच्या देशातल्या खेळापायी बीपी कायकू वाढवून घेऊन राह्यले?” तिला काय सांगू? माझं बीपी अमेरिकेत वाढलेलं नाही. ते जालन्याच्या मैदानावर वाढलं, तेव्हा तिच्या नवऱ्याचाही जन्म झाला नव्हता.

आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं, धावड्याच्या अलीकडं. घरात आम्ही उर्दू बोलायचो आणि दाराबाहेर पाय टाकला की मराठी. शाळा मराठी झाली म्हणून लिहितो ते मराठीत. अब्बा पिंजारी. पुढच्या खोलीत आढ्याला दोरीनं टांगलेली कापूस पिंजायची धनुकली, माणसाएवढी लांब, आणि तिच्यावर ताणून बांधलेली तात. ती तात कापसात धरून लाकडी ठोकळ्यानं ठोकली की टण्ण असा आवाज यायचा, त्यामागोमाग घुंईऽऽ, आणि गादीतून काढलेला दगडासारखा घट्ट कापूस फुलून वर उडायचा. माझं सगळं लहानपण त्या घुंईत गेलं. दिवाळीच्या आगेमागे थंडीची कामं यायची तेव्हा तर दिवसभर तोच आवाज. कापूस घरात सगळीकडं जायचा. अम्मा अंबाडीची भाजी चुलीवरून उतरवायची तर तिच्यावर कापसाचे तंतू, भाकरीच्या टोपल्यात तंतू, शुक्रवारी खिचडीबरोबर चिंचेचा खट्टा व्हायचा त्यातही तंतू. आम्ही ते बोटानं बाजूला करून खायचो आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. अब्बांची छाती मात्र ते बाजूला करू शकली नाही. पहाटे त्यांचा खोकला सुरू व्हायचा तो न्याहारीपर्यंत चालायचा, आणि मग लगेच धनुकली.

गावात बेसबॉल आणला तो खरात सरांनी. जालन्याहून बदलून आलेले पी.टी.चे सर, अंगानं किरकोळ, गळ्यात कायम शिट्टी. त्यांनी कुठंतरी शिबिर केलं होतं आणि येताना एक बॅट, दोन चेंडू आणि एक फाटका ग्लोव्ह आणला होता. ज्वारी निघाल्यावर गावाखालचं रान मोकळं व्हायचं, त्यात त्यांनी धसकटं उपटून चार कोपऱ्यांना चार पोती टाकली आणि म्हणाले, “हे बेस.” क्रिकेट रेडिओवर ऐकलेलं होतं, पण हे काहीतरी निराळंच होतं. चेंडू टप्पा न पडता सरळ अंगावर यायचा, मारला की बॅट टाकून पळायचं, सगळी पोती फिरून मारायच्या पोत्यावर, म्हणजे होमला, परत आलं की एक रन. तीन वेळा चुकलं की आउट. मोठ्या माणसांनाही त्याचं वेड लागलं. ग्लोव्ह कमी पडले तेव्हा जुन्या ताडपत्रीचे पंजे शिवून त्यात अब्बांनीच कापूस भरून दिला. सरांनी ते हातात घालून बघितले आणि म्हणाले, विकतच्यापेक्षा बरे. अब्बा म्हणाले, “मंग शाळेतल्या खुर्चीची गादी बी द्या की भरायला.”

माझी मोठी बहीण शमीम, आम्ही तिला आपा म्हणायचो. चिंध्या आणि टाकाऊ कापूस घट्ट गुंडाळून ती सुतळीचे चेंडू बनवायची आणि मागच्या अंगणात माझ्यावर फेकायची. काय हात होता तिचा. परकराचा ओचा खोचून, डाव्या पायावर भार घेऊन फेकायची, आणि चेंडू अंगणातल्या कडुलिंबाला असा लागायचा की साल निघायची. अम्मा आतून ओरडायची, “अरे दीवाल का चूना गिर रहा, बस करो!” मला मारायला खऱ्या अर्थानं अब्बांनी शिकवलं, तेही नकळत. धनुकली शिकवताना ते म्हणायचे, ठोकळा घाईनं मारू नको, तात थरथरून तुझ्याकडं परत येईस्तोवर थांब, मंग मार. बॅट धरली तेव्हा मला तेवढंच करायचं होतं, थांबायचं. गावातली बाकीची मंडळी चेंडू दिसला की बॅट फिरवायची. मी थांबायचो. दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात मी मारलेले चेंडू ओढ्यापलीकडं जायला लागले आणि सर एकदा मान हलवत म्हणाले, “रशीद, तुझ्यासारखं मारणारं पोरगं मी शिबिरात बी न्हाई बघितलं.” मी ते घरी येऊन कोणाला सांगितलं नाही, आपाला सुद्धा नाही, इतकं ते मला मोठं वाटलं.

मग तालुक्याच्या सामन्यांना गावाचा संघ काढायचं ठरलं आणि मारुतीच्या पारावर बैठक बसली. आता जे लिहितो ते कोणाला खोटं वाटेल, पण आमच्या भागातल्या माणसाला वाटणार नाही. सरांनी समजावून सांगितलं की यात नऊ जण खेळतात आणि बॅटिंगला एका ठरलेल्या क्रमानं जातात, पहिला, दुसरा, नववा, आणि फिरून पहिला. क्रम म्हटल्यावर गावाच्या डोक्यात एकच क्रम होता, पोळ्याचा. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी पाटलांची जाते, मग दुसरे मानकरी, मग तिसरे, आणि त्या क्रमावरून पूर्वी डोकी फुटलेली आहेत. म्हातारे सदोबा म्हणाले, “यात कसला इचार करायचा? पोळ्यापरमानं लावा. भांडण न्हाई, तंटा न्हाई.” सर म्हणाले, “अहो, इथं चांगलं मारणारा कोण, ते बघून लावत असतेत.” त्यावर पाटलांचे धाकटे भाऊ दादासाहेब हसले. चाळिशीला आलेले, गोरे, पोट सुटलेलं, सगळ्या संघाला टोप्या आणि अंगरखे त्यांनीच शिवून दिले होते, मॅच झाली की मटणाचं जेवणही त्यांच्याच मळ्यात. माणूस दिलदार, सगळ्यांचा लाडका, हेही लिहायलाच पाहिजे. ते म्हणाले, “सर, चांगलं मारणारा मागून बी चांगलंच मारंल की.” झालं. तेवढ्यावर क्रम ठरला. दादासाहेब पहिले, आणि खाली पोळ्याच्या मानानं आठ घरं. मी दहावा, म्हणजे बाहेर बसणारा. का, तर आमच्या घरी बैलच नव्हता.

त्या बैठकीत सरांनी एक नियम सांगितला तो माझ्या पक्का लक्षात आहे. क्रम एकदा अंपायरला लिहून दिला की मोडायचा नाही. ज्याचा नंबर आहे त्याच्या जागी दुसराच जाऊन मारून आला आणि समोरच्यांनी हरकत घेतली, तर मारलेलं सगळं रद्द, आणि ज्याचा नंबर होता तो आउट. हा नियम पारावरच्या मंडळींना फार आवडला. सदोबा मांडीवर हात मारून म्हणाले, “बराबर हाय. मान मोडला की शिक्षा पायजेच. इंग्रजाचा खेळ दिसतो पर इचार आपला हाय.” दादासाहेबांनीही मान डोलावली.

तालुक्याला आम्ही जिंकलो, ते समोरचे संघ आमच्याहून कच्चे होते म्हणून. मी प्रत्येक मॅचला ताडपत्रीचा ग्लोव्ह मांडीवर घेऊन बसलो. एखाद्याला उन्हानं चक्कर आली तर बदली म्हणून धावायला जायचो, पण बॅटिंगची पाळी आली की सर मला हळूच बोलवून घ्यायचे आणि बाहेर बसलेल्या दुसऱ्याच कुणाचं नाव लिहून द्यायचे. “आज न्हाई, पुढच्या येळेला.” हे वाक्य मी त्या हंगामात इतकं ऐकलं की आजही ते कोणी म्हणालं तर मी भांडायला उठतो. जे पाच वेळा मारायला जाऊन पाच वेळा हात हलवत परत येत होते, त्यांना पुढच्या वेळेची गरज पडत नव्हती. त्यांची प्रत्येक वेळ आपोआप त्यांचीच होती.

एका मॅचला औरंगाबादहून एक निवड समितीचे साहेब आले होते. गॉगल, पांढरी टोपी, कमी बोलणारे. मॅच संपल्यावर गडी सामान गोळा करत होते तेव्हा सरांनी मला चार चेंडू मारायला लावले. साहेब उभे राहून बघत होते. म्हणाले, “जिल्ह्याच्या फायनलला मी जालन्यात आहे. विभागाची पोरं तिथंच निवडणार. पण मला मॅचमध्ये मारताना बघायचंय, असं मोकळ्या मैदानात नाही.” निवडलेल्या पोरांना औरंगाबादच्या वसतिगृहात जागा, तिथंच कॉलेज, तिथंच सराव. मला कळत होतं याचा अर्थ काय. दहावीचा निकाल लागला होता, अब्बांचा खोकला आता दुपारपर्यंत टिकायला लागला होता आणि धनुकलीपाशी बसायला घरात दुसरा पुरुष नव्हता. वसतिगृहात जागा मिळाली तर अब्बा मला पाठवणार होते. नाही मिळाली तर मी ठोकळा हातात घेणार होतो, आणि मग तो सुटणार नव्हता. अब्बा एवढंच म्हणाले, “एक बार मारने को तो देंगे ना तेरेकू?” मी हो म्हणालो. सरांनी मला शब्द दिला होता.

फायनलच्या दिवशी आम्ही ट्रकनं जालन्याला गेलो, गावातली निम्मी माणसं मागच्या हौद्यात. अम्मानं फडक्यात भाकरी, मिरचीचा ठेचा आणि उकडलेली अंडी बांधून दिली होती. मैदानाच्या कडेला मंडप, कर्णा, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. समोर जालन्याचाच एक संघ होता, सगळी कॉलेजची पोरं, एकसारखे बूट. साहेब मंडपात पुढच्या खुर्चीवर बसलेले मी लांबूनच बघितले. मॅच चांगली झाली, खोटं कशाला सांगू, दादासाहेबांनीही एक फटका बरा मारला. शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही एका रननं मागं होतो. तेवढ्यात आमचा नवव्या नंबरचा गडी चेंडू अडवताना पायात पाय अडकून पडला आणि घोट्याला हात लावून बसला. सरांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मंडपात साहेबांकडं बघितलं. मग अंपायरकडं जाऊन माझं नाव लिहून आले.

आमची शेवटची बॅटिंग. दोन आउट झाले होते, तिसरा झाला की खेळ संपला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आमचे दोघं उभे, एक आला तर बरोबरी, दोन्ही आले तर जिंकलो. आणि नंबर नववा. माझा. मी बॅट उचलली. चेंडू टाकणारा कॉलेजचा पोरगा थकला होता, त्याचे चेंडू वर यायला लागले होते, मला थांबायला भरपूर वेळ होता. मी होमकडं चार पावलं टाकली असतील, तेवढ्यात मागून दादासाहेब आले आणि त्यांनी माझ्या हातातून बॅट घेतली. हिसकली नाही. एखाद्या पोराच्या हातातली जड घागर घ्यावी तशी मायेनं घेतली.

“दे इकडं. तू माझ्या मागून ये.”

मी म्हणालो, “दादासाहेब, नंबर माझा हाय.”

“हाय ना. न्हाई कोण म्हनतंय? पर गावाची इज्जत हाय आता. असल्या वक्ताला पहिला मान कोनाचा असतो? मी जाऊन येतो, मंग तू.”

त्यांच्या डोक्यात खरंच काही काळंबेरं नव्हतं, याचीच मला आज जास्त चीड येते. नवव्यानंतर फिरून पहिला, म्हणजे त्यांचा नंबर माझ्या लगेच मागूनच होता. पहिला म्हणजे जिथं मोक्याची वेळ येईल तिथं पहिला, असं त्यांना वाटत होतं, कारण आयुष्यभर ते तसंच होत आलं होतं. नियम त्यांनी ऐकला होता, त्याला मान डोलावली होती, पण नियम आपल्यालाही लागतो ही गोष्ट त्यांच्या कानापर्यंत पोचलीच नव्हती. मी सरांकडं बघितलं. सरांना नियम पाठ होता. त्यांनीच तो आम्हाला शिकवला होता. त्यांनी शिट्टी तोंडाशी नेली, परत खाली सोडली आणि बुटाच्या नाडीकडं बघायला लागले. ते पाटलांच्या माळवदावरच्या खोलीत राहत होते. जालन्याहून आलेला शिकलेला माणूस, शिबिर केलेला, आणि त्याला एक वाक्य बोलवेना. दादासाहेबांना मी कधीच माफ करून टाकलंय. त्या नाडीला अजून केलेलं नाही.

दादासाहेबांनी मारला, आणि खरंच मारला. चेंडू आडव्या रेषेत पळाला, मधल्या दोघांच्यातून निसटला, आणि आमचे दोन्ही गडी धावत होमला आले. गाव मैदानात घुसलं. हलगी वाजायला लागली, दादासाहेबांना खांद्यावर घेतलं, सदोबांनी फेटा सोडून हवेत फिरवला. मी जिथं होतो तिथंच उभा राहिलो, रिकाम्या हातानं. समोरचा कप्तान मात्र जागचा हलला नव्हता. चष्मेवाला पोरगा. तो शांतपणे अंपायरकडं गेला आणि कागदावर बोट ठेवून काहीतरी बोलला. अंपायरनं कागद बघितला, दादासाहेबांच्या पाठीवरचा आकडा बघितला, हात वर केला. हलगी थांबायला बराच वेळ लागला. मग कर्ण्यावरून आवाज आला, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा. दोन्ही रन रद्द. नववा नंबर, शेख रशीद, आउट. सामना संपला.

मी तो आवाज विसरू शकत नाही. माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा कर्ण्यावर आलं ते असं. आणि गावानं ऐकलं तेही तेवढंच, की रशीद आउट झाला. नियम कुणाला समजावून घ्यायचा होता? दादासाहेबांनी तर मारला होता, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. ट्रकमध्ये चढताना कोणीतरी म्हणालं, “पिंजाऱ्याच्या पोरापायी गेली मॅच.” दादासाहेबांनी त्याला गप्प केलं. “पोरगं हाय, व्हतं असं,” म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणजे मलाच माफ केलं. त्या हाताची किळस मला आजही अंगावरून उतरवता आलेली नाही.

ट्रकमध्ये बसायच्या आधी मी मंडपापाशी गेलो होतो. साहेब निघायच्या तयारीत होते. त्यांना झालेलं सगळं कळलं होतं, हेही मला त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मी त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो. तेच म्हणाले, “बेटा, मी जे मैदानात बघितलं नाही ते कसं लिहू? वरचे लोक विचारतील, मॅचमध्ये काय केलं, तर काय सांगू?” मग गॉगल लावत म्हणाले, “पुढच्या वर्षी ये.” तेही तेच म्हणाले. शहाणा माणूस, चांगला माणूस, त्याच्या तोंडातूनही शेवटी तेच निघालं.

घरी आलो तेव्हा अब्बा धनुकलीपाशी बसले होते, पण ठोकत नव्हते. आपा दारात उभी होती. मी काय झालं ते सांगितलं. अम्मानं ताट वाढलं, अब्बांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मारने कू दिये ही नहीं?” मी मान हलवली. त्यांनी हातातला ठोकळा खाली ठेवला. मग म्हणाले, “तो फिर आउट कैसा?” एवढा साधा प्रश्न त्या दिवशी मैदानात कोणालाच पडला नव्हता. आपा मात्र भडकली. तिनं कोनाड्यातले सुतळीचे चेंडू काढले आणि एकेक करून कडुलिंबावर मारले, इतक्या जोरानं की शेवटचा फुटून सगळीकडं कापूस झाला. तिची तर कुठल्याच क्रमात गणती नव्हती. तिच्यासारखा हात आमच्या संघात एकाचाही नव्हता, आणि ही गोष्ट त्या वेळी मलाही नवलाची वाटली नाही. पुढच्या आठवड्यात मी ठोकळा हातात घेतला. पुढचं वर्ष आलं तेव्हा अब्बा अंथरुणाला खिळले होते आणि मला जालन्याला जायची सवड नव्हती.

पुढं पिंजायचं मशीन आलं, धनुकली माळ्यावर गेली, मी बदनापूरला स्टेशनजवळ गाद्यांचं दुकान टाकलं. बरं चाललं, तक्रार नाही. पण मैदान सुटलं नाही. आजही जालन्यात बेसबॉलचे सामने असले की मी सकाळची गाडी पकडून जातो. आता पोरी खेळतात, आणि काय खेळतात. त्यांना बघून आपाची आठवण येते. आणि तिथंही तेच, कोणाची तरी भाची पहिल्या नऊत, खरी मारणारी पोर बाटल्या भरून आणतेय, आणि प्रशिक्षक तिला म्हणतोय, नेक्स्ट टाइम. आता इंग्रजीत म्हणतात, एवढाच फरक पडला. मी कठड्यापाशी उभा राहून बोलतो, पोरी हसतात, प्रशिक्षक लोक मला टाळतात.

गेल्या हिवाळ्यात आयोजकांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी जालन्याच्या त्याच मैदानावर जिल्ह्यातल्या जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला. मला बोलावलं. मी जाणार नव्हतो, सूनबाईनंच इस्त्रीचे कपडे काढून ठेवले. मंडपात जाऊन बघतो तर शेजारच्या खुर्चीवर दादासाहेब. खूप थकलेले, हातात काठी, पण टोपी तीच तशी तिरकी. मला ओळखून त्यांनी हात धरला. मग भाषणात त्यांनी त्या फायनलचं सांगितलं. “माझ्या फटक्यावर दोन रन आल्ते. पर काहीतरी कागदाचा घोळ झाला आन् आमचं पोरगं आउट झालं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना आजपर्यंत खरंच कळलेलं नाही, आणि आता कळणारही नाही.

त्यानंतर उद्घाटनाचा चेंडू. दादासाहेबांना धरून होमपाशी नेलं. नऊ पोरी उन्हात रांगेनं उभ्या, पहिल्या नंबरची हेल्मेट घालून बाजूला तयार. चेंडू टाकणाऱ्या पोरीनं अगदी हळू टाकला. त्यांचा चुकला. फोटोवाला म्हणाला, साहेब, आणखी एक. चुकला. आणखी एक. तोही चुकला. “आणखी एक टाक गं,” प्रशिक्षक म्हणाला. माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी खांद्यावरची शाल खुर्चीवर टाकली, मैदानात गेलो आणि त्यांच्या हातातून बॅट घेतली. हिसकली नाही.

“द्या इकडं, दादासाहेब. तीन झाले. आता तुम्ही माझ्या मागून या.”

ते माझ्याकडं बघत राहिले, मग हसले, आणि कोणीतरी त्यांना धरून खुर्चीकडं नेलं. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, टाळ्या पडल्या. फोटोवाला म्हणाला, “हां चाचा, आता तुमचा होऊन जाऊ द्या.” बॅट हातात होती. जुन्या बॅटपेक्षा हलकी. समोरच्या पोरीनं चेंडू बोटांत धरला होता आणि ती माझी वाट बघत होती. मला तो चेंडू हवा होता. या वयात, इतक्या लोकांसमोर, मला दुसरं काही नको होतं, फक्त तो एक चेंडू, मी थांबलो असतो आणि मारला असता. मी पाय रोवले. आणि बाजूला नजर गेली तर ती पहिल्या नंबरची पोर हेल्मेटखालून माझ्याकडं बघत होती. रिकामे हात मांडीला पुसत होती.

मला माझीच शिसारी आली. मी तिला हाक मारली आणि बॅट तिच्या हातात दिली. “नंबर तुझा हाय,” म्हणालो, आणि शाल उचलायला परत फिरलो. मागं चेंडू लागल्याचा आवाज आला, चांगला आला, पण मी वळून बघितलं नाही. त्या मैदानावर मी आजपर्यंत एकही चेंडू खेळलेलो नाही, आणि अजूनही आउटच आहे.